चार फूट पुढे, चार फूट मागे

परवा पुण्याहून भाचा इंदूरला आला होता. अंगणात आमची फियाट बघून म्हणाला, मामा, ही तर पन्नाशीच्या कधीच वर गेली, तुम्ही व्हीए नंबर का नाही घेत, काय भारी दिसेल! मी म्हटलं नाही घ्यायचा. तो म्हणे का, फी जास्त आहे म्हणून? म्हटलं तू आधी चहा घे. मग त्याला जे सांगितलं ते त्याने अर्धं मोबाइलमध्ये बघत ऐकलं, म्हणून आता इथे लिहितोय. लांब आहे. कंटाळा येईल त्यांनी गाडीचा फोटो लाइक करून पुढे जावं, मला राग नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज गाड्यांचा नियम काढला. पहिल्या रजिस्ट्रेशनला ५० वर्षं झालेली आणि फार फेरफार न केलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नव्या नोंदणीला २० हजार, पुन्हा करायची झाली तर ५ हजार, १० वर्षं चालते, आणि नंबरात व्हीए अक्षरं येतात. इथपर्यंत छान. पण पुढे असं आहे की ही गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर आणायची नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरायला आणि मेंटेनन्सला, एवढ्यासाठीच. मी तो नियम दोनदा वाचला. पोहे-जलेबी खायला जाणे हे त्यात कुठेच नाही.

आता हसू नका, माझा मुद्दा खरंच तोच आहे.

आमची गाडी १९६८ची फियाट ११०० डिलाइट. माझ्या वडिलांनी, अण्णांनी, १९७६ मध्ये सेकंडहँड घेतली, कारण नवीन पाहिजे तर नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघा असा तो काळ. १०८९ सीसी, हँडल गिअर म्हणजे गिअरचा दांडा स्टीअरिंगपाशी, चारी चाकांना ड्रम ब्रेक. लोक येता-जाता पद्मिनी म्हणतात, मी आता दुरुस्त करणं सोडून दिलंय, पद्मिनी हे नाव १९७४ला आलं, अंग-काठी तीच पण आमची त्याआधीची. आणि काही काका लोक प्रेमाने डुक्कर फियाट म्हणतात, तर ती अजून जुनी हो, तिची पुढची दारं उलटी उघडायची. असो. या गाडीत माझी मुंज झाल्यावर मिरवणूक निघाली, बहिणीची पाठवणी झाली, आणि अण्णांना शेवटचं दवाखान्यात नेलं तेही हिच्यातूनच. दर पाडव्याला सकाळी गाडी धुवायची, गुढीला बांधतात तशी एक साखरेची गाठी तिच्या आरशाला, आणि मग सगळ्यांना घेऊन बडा गणपतीच्या देवळात. अण्णांपासूनची पद्धत.

२०२०चा पाडवा आला २५ मार्चला. म्हणजे बरोबर ज्या दिवशी देशाचं लॉकडाउन लागलं त्याच दिवशी, आणि आपल्या इंदुरात कर्फ्यू. तीन दिवस आधी, २२ला, संध्याकाळी ५ वाजता लोक थाळ्या घेऊन चक्क राजवाड्याच्या चौकात गोळा झाले होते, ते आठवलं की अजून कपाळावर हात जातो. तर गाठी मिळाली नाही. आईने देवघरातल्या डब्यातले चार बत्तासे दोऱ्यात ओवले आणि म्हणाली हे बांध आरशाला, जाऊ नका कुठे. बांधले. दुसऱ्या दिवशी मुंग्या.

मग ३० मार्चपासून तर किराणा-भाजीसुद्धा बंद झाली, नंतर कचरा गाडीवाल्याकडे सामानाची यादी द्यायची आणि सामान घरी यायचं, तेव्हा गाडी चालवणं वगैरे डोक्यात सुद्धा नव्हतं कोणाच्या. पण एक किडा वळवळायचा, उभी राहिली तर बिघडेल. म्हणून मी काय केलं, रोज सकाळी दहा मिनिटं चालू करून ठेवायला लागलो, अंगणातच, चोक ओढायचा, सेल्फ मारायचा, घुर्रर्र झालं की समाधान, मग बंद. बायको म्हणायची तुमची आरती झाली का.

तीन आठवड्यांनी एका सकाळी सेल्फने नुसतं कट् केलं आणि गप्प.

उस्तादांना फोन लावला. उस्ताद म्हणजे आमचे मिस्त्री, महू नाक्याच्या पलीकडे एक टपरीएवढं गॅरेज, वय सत्तरच्या आसपास, अण्णांच्या वेळेपासून या गाडीला हात त्यांचाच. व्हिडिओ कॉलवर त्यांनी प्लग काढून दाखवायला लावला, काजळासारखा काळा, आणि मग जे बोलले ते मला पाठ आहे, "भाई साहब, आप गाड़ी को रोज चाय पिलाते रहे, रोटी एक दिन नहीं दी."

ते त्यांनी समजावलं ते असं. बॅटरी चार्ज करायला या गाडीला आल्टरनेटर नाही, जुना डायनमो आहे. डायनमो आयडलवर, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन नुसतं चालू असताना, जवळजवळ चार्ज करतच नाही, म्हणजे रोज सेल्फ मारून मी बॅटरीतून काढत होतो आणि परत काही टाकत नव्हतो. शिवाय थंड इंजिन चोकवर चालवलं की पेट्रोल जास्त जातं, प्लगवर काजळी धरते, काही पेट्रोल खाली ऑइलमध्ये उतरतं. आणि पेट्रोल जळताना पाणी तयार होतं ते गाडी नीट तापली, दहा-पंधरा किलोमीटर चालली, तर वाफ होऊन निघून जातं, नाहीतर सायलेन्सरमध्ये साचून त्याला आतून गंज. म्हणजे दहा मिनिटं चालू ठेवण्यापेक्षा अजिबात चालू न केलेली बरी! मी चाळीस वर्षं ही गाडी चालवतोय आणि मला हे माहीत नव्हतं, कारण ती एवढे दिवस कधी उभीच राहिली नव्हती.

मग त्यांनी फोनवरून सगळं करून घेतलं. बॅटरीची वायर सोड. हँडब्रेक खाली कर, नाहीतर ब्रेकचे शू ड्रमला चिकटतील, चाकाला विटा लाव. हवा नेहमीपेक्षा जरा जास्त पाहिजे, ती मी सायकलच्या पंपाने भरली, एका टायरला अर्धा तास, खांदे गेले. बॉनेटखाली डांबराच्या गोळ्या ठेव, उंदीर वायरी खातात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर रविवारी गाडी थोडी ढकल, म्हणजे टायर एकाच जागी दबून सपाट नाही होणार.

आता आमचं अंगण केवढं! गेटपासून तुळशीपर्यंत. गाडी चार फूट पुढे जाते, चार फूट मागे येते, बस. तर दर रविवारी सकाळी सातला मुलगा आणि मी मागून ढकलणार, बायको स्टीअरिंगवर, आई ओट्यावर खुर्ची टाकून बसलेली. बायको पहिल्या दिवशी चिडली होती, तिसऱ्या रविवारी मात्र साडी बदलून आली आणि बसताना म्हणाली, "अहो, राजवाड्यावरून घ्या, मला गर्दी बघायचीय."

आमच्या जुन्या गाड्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र वेगळंच चाललं होतं. एकाने एप्रिलमध्ये पहाटे सुपर कॉरिडॉरवर गाडी काढली, कारण काय तर एवढा रिकामा रस्ता पुन्हा मिळणार नाही, फोटो एक नंबर येतील. आलेच फोटो. सोबत पोलिसांनी पन्नास उठाबशा काढायला लावल्या त्या त्याने नाही टाकल्या, दुसऱ्याने सांगितलं. त्याच्याखाली तीस लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणी लिहिलं गाडीची तब्येत महत्त्वाची. मी तेव्हा ग्रुपवर भांडलो, आजही भांडीन. शहरात रोज पेशंट वाढतायत, पोलीस उन्हात उभे आहेत, आणि तुम्ही गाडीच्या तब्येतीसाठी बाहेर? गाडीची तब्येत अंगणात चार विटा लावून राखता येते, मी राखली ना.

आणि खरं सांगू, तो रिकाम्या रस्त्याचा फोटो मला बघायलाही बरा नाही वाटला. जुनी गाडी रिकाम्या रस्त्यावर काय करणार हो. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून विचारतो, किस साल की है भिया, एखादे आजोबा थांबून सांगतात आमच्या साहेबांकडे होती अशीच, मुलं खिडकीतून हात लावून पळतात, मागून एखादा हॉर्न मारून शिव्या घालतो, यासाठीच तर ती बाहेर काढायची. नाहीतर नवीन गाडी आहे ना घरात, एसी आहे, गाणी वाजतात.

नवीन गाडीवरून आठवलं. मे महिन्यात समोरच्या भाऊसाहेबांची ऑटोमॅटिक एसयूव्ही चालूच होईना, बॅटरी डाउन, आणि ऑटोमॅटिकला धक्का मारून काही उपयोग नाही. वहिनींची डायलिसिसची तारीख. मी माझी सोडून ठेवलेली बॅटरी, जी मुलाने तोवर चार्जरवर लावून ठेवली होती, उचलून नेली आणि जंप दिला. जे भाऊसाहेब वीस वर्षं आमच्या गाडीला खटारा म्हणत होते ते त्यानंतर फियाट म्हणतात. याहून जास्त मी काही बोलत नाही.

आता जी गोष्ट मला खरी बोचली ती. उस्तादांचं गॅरेज बंद म्हणजे कमाई शून्य. त्यांची दोन पोरं गावी निघून गेली, भाडं चालूच. मी पैसे पाठवतो म्हटलं तर म्हणाले काम केल्याशिवाय कसे घेऊ. शेवटी अ‍ॅडव्हान्स म्हणून घेतले आणि फोनवर मला हिशोब लिहून घ्यायला लावला. मग मी ग्रुपवर लिहिलं की आपल्या सगळ्यांच्या गाड्या याच दोन-चार हातांवर चालतात, प्रत्येकाने हजार-दोन हजार द्या. चौतीस लोकांच्या ग्रुपमधून सहा जणांनी दिले. एकाने नुसता हात जोडलेला इमोजी टाकला. हे तेच लोक जे बंपरला पुन्हा क्रोम चढवायला मुंबईपर्यंत माणूस पाठवतात. माझा या लोकांवर तेव्हापासून राग आहे आणि तो मी लपवत नाही, त्यातले दोघं ही पोस्ट वाचतील, वाचा.

३१ मे म्हणजे लॉकडाउनचा अडुसष्टावा दिवस. जूनच्या पहिल्या आठवड्यात उस्ताद स्वतःच्या लुनावर आले, तोंडाला गमछा. कार्बोरेटर उघडलं तर तळाला पिवळा चिकट थर, जुन्या पेट्रोलचा, आणि जेट, म्हणजे पेट्रोल यायचं बारीक भोक, बंद. इंजिनाला पेट्रोल पोचवणाऱ्या पंपाचा पडदा वाळून कडक. कुरियर बंद, पार्ट येणार कुठून. त्यांनी पिशवीतून एक बिस्किटाचा पत्र्याचा डबा काढला, त्यात दहा गाड्यांचे निघालेले तुकडे, त्यातला एक पडदा बसवला. ठिणगीचे पॉइंट घासले. चार वेळा सेल्फ, पाचव्याला लागली. आई ओट्यावरून म्हणाली, "खोकली बघ." त्या दिवसांत तो शब्द ऐकून सगळे दचकले आणि मग हसले.

पहिली चक्कर फक्त पेट्रोल पंपापर्यंत. ७ जूनपासून पेट्रोलचे भाव रोज वाढायला लागले होते, तरी टाकी फुल केली, कारण पावसाळ्यात अर्धी रिकामी टाकी आतून गंजते, हेही उस्तादांचंच. आरसीची, म्हणजे रजिस्ट्रेशनची, मुदत त्याच मे महिन्यात संपत होती, सरकारने कागदांची तारीख ३० जून केली, मग ३० सप्टेंबर, मग ३१ डिसेंबर, त्यात माझं काम झालं, जुन्या ६०० रुपयांत. पुढे एप्रिल २०२२ला ती फी ५००० झाली. वाढवा बाबा. पण त्या आरसीवर मी सकाळी छप्पन दुकानांकडे पोहे खायला जाऊ शकतो.

आमच्या शहराला गाड्यांचा इतिहास काही लहान नाही. यशवंतराव होळकरांसाठी १९३०च्या दशकात ड्युसेनबर्गची एसजे स्पीडस्टर बनली, चासी अमेरिकेची, बॉडी लंडनच्या गर्नी नटिंगची, तीनशेवीस घोड्यांची सुपरचार्ज्ड गाडी, जुन्या गाड्यांच्या दुनियेत आजही इंदूरच्या महाराजांची म्हणून ओळखतात. ती इथे नाही, कधीच परदेशी गेली. तिचे फोटो मी पण बघतो, काय सुंदर आहे. पण कुठल्याही म्युझियमच्या चकचकीत फरशीवर दोऱ्या लावलेली गाडी बघितली की मला तो बॅटरी सोडलेला, विटा लावलेला आमचा एप्रिल आठवतो. तेव्हा नाइलाज होता. आता स्वतःहून २० हजार भरून तेच कशाला घेऊ?

कोणाला घ्यायचा असेल त्याने जरूर घ्यावा. ज्यांच्याकडे १९३०-४०ची नाजूक गाडी आहे, वर्षातून एकदा रॅली, त्यांच्यासाठी नियम बरोबरच आहे, आणि भंगारात जाण्यापासून वाचतात त्या. माझी गाडी त्या जातीची नाही. ही मध्यमवर्गीय आहे, भाजीच्या पिशव्या उचललेली आहे, हिला घरात बसवून ठेवलं तर सांधे धरतात.

भाचा जाताना म्हणाला, मामा, पण व्हीए प्लेटचा फोटो भारी आला असता. म्हटलं रविवारी थांब, पोहे खायला नेतो, मागे बस, फोटो काढ. तो शनिवारच्या बसने गेला.

उद्या रविवार. ऑइल बघून ठेवलंय, पाणी भरलंय. चोकची केबल जरा अडकतेय, उस्तादांना फोन केला तर म्हणाले निघतानाच इकडून येऊन जा, माझ्यासाठी पोहे बांधून आण, सेंव जास्त.