दुसरे टोक

माणसाला एकांताची ओढ असते असे म्हणतात. मात्र त्या एकांतात तंबू कोणी उभारायचा, याचा विचार असे म्हणणाऱ्यांनी केलेला दिसत नाही. जगातील बहुतेक कामांना दोन टोके असतात. चादरीची घडी घालणे, सतरंजी झटकणे, कपाट सरकवणे, यांपैकी प्रत्येक कामात एक टोक आपण धरतो आणि दुसरे टोक घरातील कोणीतरी, बहुधा कुरकुरत, धरून उभे असते. ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडलेली असते की ‘एक माणूस, एक होडी आणि एक निर्मनुष्य सरोवर’ असे चित्र मनाशी रंगवताना होडीची दोरी काठावरून कोण ओढणार, ही शंका आपल्या मनाला शिवतही नाही.

मला या शंकेने ओपिऑन्गो सरोवरावर गाठले. कॅनडातील टोरोंटोहून मोटारीने साडेतीन-चार तासांवर, साठ क्रमांकाच्या महामार्गालगत अल्गॉन्क्विन प्रांतिक उद्यान आहे. १८९३ साली स्थापन झालेले हे उद्यान आकाराने जवळजवळ आपल्या कोल्हापूर जिल्ह्याएवढे आहे. फरक इतकाच की कोल्हापुरात कुठेही थांबलात तरी सल्ला द्यायला माणूस मिळतो आणि इथे मैलोगणती फक्त पाइन, खडक आणि पाणी. ओपिऑन्गो हे त्या उद्यानातील सर्वांत मोठे सरोवर, क्षेत्रफळ सुमारे ५८ चौरस किलोमीटर. दक्षिण, उत्तर आणि पूर्व अशा त्याच्या तीन भुजा आहेत, आणि वारा एका भुजेतून निघून दुसरीत वळतो तेव्हा त्याच्या मनात काय असते, हे कोणालाही सांगता येत नाही.

माझी होडी जुनी, चार मीटर लांबीची, एका शिडाची आणि दोन वल्ह्यांची आहे. तिला इंजिन नाही, कारण इंजिनाच्या आवाजाने एकांत भंगतो अशी माझी घरात बसून झालेली धारणा होती. बेत जाहीर केल्यावर पत्नीने एवढेच विचारले, “एकटाच? आपले काही भांडण झाले आहे का?” आईने कोल्हापुराहून फोनवर सांगितले, “होडीत बसायला माझी ना नाही बाळा, पण पाण्यात जाऊ नकोस.” मंडळातील स्नेह्यांनी मात्र मला थोर मानले. त्यांच्यापैकी एकानेही बरोबर येण्याची तयारी दाखवली नाही, यातच खरे तर सर्व काही आले होते.

या एकांतासाठी पाच महिने आधीपासून आरक्षण करता येते आणि उन्हाळ्यातील शनिवार-रविवार हवा असेल तर ते करावेच लागते, कारण एकांत हवा असणाऱ्यांची इथे फार गर्दी असते. आरक्षणाबरोबर नियमही येतात. उद्यानाच्या आतल्या भागात खाद्यपदार्थांचे पत्र्याचे सीलबंद डबे आणि काचेच्या बाटल्या नेण्यास बंदी आहे; त्यामुळे लिंबाचे लोणचे प्लास्टिकच्या पिशवीत गेले आणि तिथून यथावकाश माझ्या झोपण्याच्या पिशवीत गेले. होडीत काय काय असले पाहिजे हे कॅनडाचा कायदा सांगतो: जीवरक्षक जाकीट, पाणी उपसण्याचे भांडे, शिट्टी आणि पाण्यावर तरंगणारी किमान १५ मीटर लांबीची दोरी. ही दोरी कशासाठी, तर होडीतला कोणी पाण्यात पडलाच तर होडीतील इतरांनी ती त्याच्याकडे फेकावी यासाठी. मी होडीत एकटा. मी पाण्यात पडल्यावर ती दोरी होडीच्या तळाशी, नीट वेटोळे करून, कायद्याचे पूर्ण पालन करीत पडून राहणार होती. या मुद्द्यावर मी बराच विचार केला आणि शेवटी दोरी घेतली. कायद्याशी वाद घालायलाही दुसरा पक्ष लागतोच.

सकाळी स्प्राउल उपसागरातून निघताना पाणी इतके स्थिर होते की शीड उभारून मी नुसताच त्याच्या सावलीत बसलो. वल्ही घेतली. दुपारच्या सुमारास वायव्येकडून वारा सुटला आणि पाण्यावर पांढरे तुरे दिसू लागले. कॅनू नावाच्या अरुंद, हलक्या होड्या वल्हवणारे जाणकार लोक पहाटे उठून मोठे पाणी का ओलांडतात, याचा उलगडा तेव्हा झाला.

वारा वाढला की शीड आखूड करावे, असे पुस्तकात लिहिलेले असते. पुस्तकातील माणसाला किती हात असतात हे लिहिलेले नसते. शीड आखूड करायचे म्हणजे आधी होडीचे तोंड वाऱ्याकडे धरायचे, त्यासाठी एक हात सुकाणूवर. मग डोलकाठीपाशी जाऊन शीड चढवण्याची दोरी सैल करायची, तो दुसरा हात, आणि तो सुकाणूपासून दीड मीटर दूर. मग खाली आलेले कापड आडव्या दांड्यावर ताणून बांधायचे, त्यासाठी तिसरा आणि चौथा. मी सुकाणूचा दांडा गुडघ्याच्या मागे दाबला, पोटावर आडवा झालो आणि दोरीचे टोक दातांत धरले. त्याच क्षणी नाकावर डास बसला. त्याला हाकलण्यासाठी माझ्याजवळ एकही अवयव शिल्लक नव्हता, आणि ही गोष्ट त्याला माझ्या आधी कळली होती, असे त्याच्या बसण्याच्या ऐटीवरून दिसत होते. माझ्यापासून पन्नास मीटरवरून पाण्यावरची टॅक्सी गेली, म्हणजे डोक्यावर कॅनू पालथ्या बांधलेली आणि पोटात त्यांचे मालक बसवलेली मोटारबोट. आत बसलेल्या ज्येष्ठ मंडळींनी मला प्रेमाने हात केले. दातांत दोरी असलेल्या माणसाने प्रत्युत्तरादाखल काय करायचे असते, हे मला आजही ठाऊक नाही.

मुक्कामाच्या जागा नारिंगी पाट्यांनी दाखवलेल्या असतात आणि ज्या भुजेचे आरक्षण असेल तिथली रिकामी जागा जो आधी पोहोचेल त्याची. वाऱ्याच्या आडोशाच्या सर्व जागा अर्थातच गेलेल्या होत्या. मला मिळाली ती खडकाळ आणि वाऱ्याच्या तोंडची. तिथे होडी लावायची रीत अशी, की एकाने दोरी घेऊन काठावर उडी मारावी आणि दुसऱ्याने मागचा भाग खडकावर आपटू नये म्हणून वल्ह्याने रेटून धरावे. मी दोन्ही कामे आळीपाळीने केली. उडी मारली की मागचा भाग आपटे, तो सांभाळायला परत आत आलो की पुढचा भाग सुटे. शेजारच्या जागेवरील कॅनडियन कुटुंब मुलाबाळांसह हे सर्व पाहत होते, परंतु दुसऱ्याच्या एकांतात ढवळाढवळ करणे त्यांच्या सभ्यतेत बसत नसावे.

यानंतर अस्वलाचा प्रश्न. या जंगलात काळी अस्वले आहेत. त्यामुळे खाण्याचे पदार्थ, आणि वास येतो म्हणून साबण आणि टूथपेस्टसुद्धा, पिशवीत घालून झाडाला जमिनीपासून चार मीटर उंच आणि खोडापासून दूर टांगायचे असतात. १९९१ साली याच सरोवरातील बेट्स बेटावर एका काळ्या अस्वलाने दोन माणसांचा जीव घेतला होता. काळ्या अस्वलाच्या हातून असे घडणे अत्यंत दुर्मीळ, असे तज्ज्ञ सांगतात. तरीही ही माहिती मी आईला दिली नव्हती. दोरीला दगड बांधून तो फांदीवरून पलीकडे टाकायचा, अशी कृती आहे. पहिला दगड दोरीतून निसटून एकटाच पलीकडे गेला. दुसरा दोरीसकट गेला, पण जाताना दोरीचे माझ्याकडचे टोकही घेऊन गेला, कारण फेकताना त्यावर पाय ठेवून उभे राहायला कोणी नव्हते. पुढे केव्हातरी दोरी फांदीवर बसली, तेव्हा पिशवी ओढताना असे लक्षात आले की थालीपिठाची भाजणी, मेतकूट, तांदूळ आणि लोणचे यांचे एकत्रित वजन माझ्या एका हाताच्या कुवतीपलीकडचे आहे, आणि दुसऱ्या हाताने दोरी खोडाला बांधायची आहे. शेवटी मी दोरी कमरेला गुंडाळली आणि खोडाभोवती प्रदक्षिणा घालू लागलो. वटपौर्णिमेचे व्रत पुरुषाने, परदेशात, मेतकुटाच्या रक्षणासाठी केल्याचे हे बहुधा एकमेव उदाहरण असावे.

शौचालयाविषयी थोडक्यात सांगतो. तंबूपासून आत, झाडीत एक लाकडी पेटी असते. तिला झाकण असते, भिंती नसतात. डासांना तिची वेळापत्रके पाठ असतात.

रात्री लून पक्षी ओरडतात. १९८७ पासून कॅनडाच्या एक डॉलरच्या नाण्यावर विराजमान असलेला हा पक्षी नाण्यावर अतिशय सोज्वळ दिसतो. अंधारात त्याचा आवाज ऐकल्यावर मी टॉर्च, शिट्टी आणि भीमरूपी स्तोत्र या क्रमाने हाताशी घेतले. मग कळले की एक लून या काठावरून साद घालतो आणि दुसरा पलीकडच्या काठावरून उत्तर देतो. मध्यरात्री, पाऊण मैलावरूनसुद्धा, त्याचे माणूस जागे होते. माझ्या तंबूचा एक कोपरा तेवढ्यात वाऱ्याने सुटला आणि माझ्या तोंडावर येऊन पडला, तेव्हा मीही मोठ्याने साद घातली. परंतु पलीकडच्या कुटुंबाने ती लूनची समजून दुर्लक्षिली.

परतल्यावर होडी ट्रेलरवर चढवायची होती आणि त्यासाठी ट्रेलर उलटा पाण्यात न्यायचा होता. आपल्याकडे गाडी मागे घेणाऱ्या माणसाला वाऱ्यावर सोडण्याची पद्धत नाही. कुठूनतरी एक अनोळखी गृहस्थ प्रकट होतो, “येऊ दे, येऊ दे” म्हणत हात हलवतो आणि गाडी भिंतीला टेकली की “बास” म्हणतो. इथे मागे रांगेत पाच-सहा गाड्या आणि धक्क्यावर दहा माणसे होती, आणि माझा ट्रेलर डावीकडे, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे वळत असताना ती सर्व अत्यंत सौजन्याने आकाशाकडे पाहत होती. अखेर एक वृद्ध गृहस्थ पुढे आले आणि मदत केली तर चालेल का, असे त्यांनी विचारले. मी कृतज्ञतेने होडीची दोरी त्यांच्या हाती दिली आणि गाडीकडे निघालो. त्यांनी मला थांबवले. दोरीला मी मारलेली गाठ या कामासाठी योग्य नाही, असे त्यांचे मत होते. योग्य गाठ कोणती हे दाखवण्यासाठी त्यांनी आधी माझी गाठ सोडली, मग टोकाचा फास केला, तो उलगडला, मला करायला लावला, माझा चुकला म्हणून पुन्हा स्वतः केला. दरम्यान होडी स्वतःच्या मर्जीने धक्क्यापासून निघाली, सावकाश वळली आणि शेजारी सामान लावत असलेल्या एका जोडप्याच्या नव्या कोऱ्या कॅनूवर जाऊन आदळली. त्या दोघांनी वळून माझ्याकडे पाहिले आणि एकसुरात “सॉरी” म्हणाले.