पंचांच्या खिशात काय असतं?

जून २०२५. हेडिंग्लेवर भारताची कसोटी चालू होती आणि लीड्समध्ये राहत असल्याचा एवढा एकच फायदा उपटायचा म्हणून मी चौथ्या दिवशी रजा टाकून मैदानात बसलो होतो. एका कानात बीबीसीची रेडिओ कॉमेंट्री, दुसरा कान मोकळा. तेवढ्यात पेणहून बाबांचा फोन. ते घरी टीव्हीवर तीच मॅच बघत होते.

"अरे, हा पंच मघापासून खिशात हात घालतोय. एवढं असतं तरी काय त्याच्या खिशात?"

मी म्हटलं, जादा बेल्स असतात, चेंडू मोजायचं यंत्र असतं, उजेड मोजायचं मीटर असतं. चेंडूचा आकार बिघडला का ते बघायला एक कडी असते, कधी छोटी कात्रीही असते.

"आणि तंबाखूची पुडी?"

"इथे नसते, बाबा."

"मग कसला पंच," म्हणाले, आणि फोन ठेवला.

हा प्रश्न त्यांनी चुकीच्या माणसाला विचारला. माझ्या कानात रेडिओवरून जी मंडळी बोलत होती त्यांचा निम्मा दिवस असल्याच प्रश्नांवर जातो. 'टेस्ट मॅच स्पेशल' हा बीबीसीचा कॉमेंट्रीचा कार्यक्रम १९५७ पासून चालू आहे. श्रोते पूर्वी पत्र लिहायचे, आता मेल करतात. प्रश्न साधारण बाबांच्या जातीचे. १११ धावांना इंग्रज अशुभ का मानतात? (त्या आकड्याला ते 'नेल्सन' म्हणतात. धावफलकावर १११ लागले की पंच डेव्हिड शेफर्ड एक पाय वर उचलून उभे राहायचे आणि प्रेक्षक त्याचीच वाट बघायचे.) चेंडू पक्ष्याला लागला तर काय करायचं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लॉर्ड्सच्या संग्रहालयात काचेआड बसलेलं आहे. १९३६ साली केंब्रिज विद्यापीठाकडून खेळताना आपल्या जहांगीर खानचा चेंडू एका चिमणीला लागला आणि ती मेली. तिच्यात पेंढा भरून ती त्या चेंडूसकट ठेवली आहे. आपले म्हणजे तेव्हाचे आपले, १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीत खेळलेले. मी ती चिमणी बघायला मुद्दाम गेलो होतो. विश्वचषकाच्या फोटोंपुढे रांग होती, चिमणीपुढे मी एकटा.

बिल फ्रिंडल नावाचे दाढीवाले गुणलेखक १९६६ पासून २००९ मध्ये वारले तोवर या कार्यक्रमाचे आकडेशास्त्री होते. लोकांनी त्यांना अडवायचं आणि त्यांनी वही उघडून उत्तर द्यायचं, हा खेळच होऊन बसला होता. श्रोते केक पाठवतात. २००१ मध्ये खुद्द राणीने केक आणला होता. तो तुम्हीच भाजलात का, असं समालोचक जोनाथन अ‍ॅग्न्यूने तिला विचारलं. नाही, पण माझ्या देखरेखीखाली झालाय, अशा अर्थाचं तिने सांगितलं. पाऊस पडून खेळ थांबला की कार्यक्रम जास्त रंगतो, हे तर इथला कुठलाही टॅक्सीवाला सांगेल.

आता घरची गोष्ट. आमच्या शाळेच्या ग्रुपवर दर मालिकेला एक भांडण ठरलेलं: समालोचकाने आपल्या खेळाडूंची बाजू घ्यायची की नाही? २०१६ मध्ये अमिताभ बच्चन यांनी, कुणाचं नाव न घेता, आपले समालोचक परक्यांचंच कौतुक जास्त करतात अशी तक्रार केली. धोनीने तिला दुजोरा दिला. पुढच्याच महिन्यात आयपीएलच्या समालोचकांच्या यादीतून हर्षा भोगले गायब. २०२० मध्ये संजय मांजरेकर यांना भारतीय क्रिकेट मंडळाच्या यादीतून वगळलं. दोन्ही वेळा कारण जाहीरपणे कुणी सांगितलं नाही. ग्रुपवरचे अर्धे म्हणतात बरं झालं, अर्धे हळहळतात, आणि एक जण हमखास लिहितो, "तू तिकडे बसून बोलू नकोस."

तिकडे बसूनच बोलतो, कारण इथून एक गोष्ट स्पष्ट दिसते. भारतातल्या सामन्यांचं चित्रण मंडळ स्वतः करवून घेतं आणि बऱ्याच समालोचकांना मानधनही तेच देतं. शिवाय षटक संपलं रे संपलं की जाहिरात. बीबीसीच्या रेडिओला जाहिरात नाही. घरोघरी टीव्हीच्या परवान्याची फी भरतात, तिच्यावर तो चालतो. दोन षटकांमधला तो वेळ कुणाला विकलेला नसतो. पेणच्या म्हाताऱ्याचा खिशाचा प्रश्न बसतो तो त्या फटीत. आपल्याकडे तिथे गुटख्याच्या नात्यातली वेलची बसते. विनोदबुद्धी आपल्याकडे कमी आहे असं मला अजिबात वाटत नाही. तिला जागा ठेवलेली नाही, आणि पगार देणाऱ्यासमोर मोकळेपणाने हसणं कुठल्याच नोकरीत सोपं नसतं.

उलट पुरावा त्याच हेडिंग्लेवर मिळाला. सहा महिन्यांपूर्वी मेलबर्नला ऋषभ पंत वेडावाकडा फटका मारून बाद झाला तेव्हा सुनील गावसकरांनी त्याला एकाच दमात तीनदा मूर्ख ठरवलं होतं. आता त्याच पंतने या एकाच कसोटीतलं दुसरं शतक ठोकलं, तर पंचाहत्तरी पार केलेले गावसकर वरून हाताने गिरकी घेऊन त्याला खुणावतायत: मार कोलांटी! पहिल्या शतकाला मारली होती, आता का नाही? पंतने खालून हातानेच सांगितलं, नंतर. बोर्डाची यादी, बाजू घेणं, न घेणं, सगळं त्या खुणेपुढे फिकं होतं. शिव्या दिल्या त्यानेच लाड केले, आणि दोन्ही खरे होते.

इथल्या गोऱ्या साहेबांचं सगळंच गोड आहे असंही समजू नका. ही केक खाणारी मंडळी वर्षानुवर्षं एकाच थराच्या शाळांमधून यायची. एकमेकांना ठेवलेली लाडाची नावंसुद्धा वसतिगृहातली वाटतात. इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने नेमलेल्या स्वतंत्र आयोगाने २०२३ मध्ये लिहून दिलं की या खेळात वंशभेद, वर्गभेद आणि बायकांना कमी लेखणं खोलवर मुरलेलं आहे. त्यामुळे तो उबदार गप्पांचा अड्डा ऐकताना माझ्यासारख्याला पहिली काही वर्षं दारात चपला काढून उभं राहिल्यासारखं वाटायचं. आता समालोचकांत इशा गुहा असते, एबनी रेनफर्ड-ब्रेंट असते, भारताचा दौरा असला की प्रकाश वाकणकरांचाही आवाज ऐकलाय. आत बोलावल्यासारखं वाटतं. जुना किस्सा तर आपले माजी यष्टिरक्षक फारुख इंजिनियर यांचाच आहे, ते दादरचे आणि मँचेस्टरचेही. १९८३च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ते याच रेडिओवर होते. सोबतचे समालोचक ब्रायन जॉन्स्टननी गमतीत विचारलं, तुमच्या पंतप्रधान उद्या सुट्टी देतील का? इंजिनियर म्हणाले, देतील की, त्या हा कार्यक्रम ऐकत असणार. थोड्या वेळाने इंदिराबाईंनी सुट्टी दिल्याचा निरोप आला, असं ते सांगतात.

पण माझा खरा मुद्दा पेणचा आहे. आम्ही लहान असताना भातकापणी झाली की शेतात टेनिस बॉलच्या स्पर्धा लागायच्या. मांडव, दोन भोंगे, आणि माईकवर गावातलाच एक मास्तर. बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून रुजवलेलं पायचीत, त्रिफळाचीत त्याच्या तोंडी असायचं, पण मधेच आगरी बोलीत घसरायचा. प्रेक्षकांतून चिठ्ठ्या यायच्या. "पुढच्या षटकाराला वडखळच्या मित्रमंडळाकडून ५१ रुपये." "पंचांना विनंती, लुंगी सावरावी." एकदा कुणीतरी लिहून पाठवलं, बॅट्समन धावताना विहिरीत पडला तर धावचीत की नाबाद? विहीर खरोखरच डीप मिडविकेटला होती. मास्तरने माईकवरूनच पंचाचं मत मागितलं. पंच चुना मळत म्हणाला, "अगोदर काढा, मग बघू." सगळा मांडव हसत होता आणि मॅच तशीच चालू होती.

मास्तरलाही मानधन आयोजकच द्यायचे, हे मला मान्य आहे. पण आयोजकांचा मुलगा शून्यावर बाद झाला की तो "भोपळा सोलून घरी न्यावा" असं सांगायचा, आणि संध्याकाळी आयोजकांच्याच घरी जेवायचा.

२०२३ मध्ये आयपीएलची मराठी कॉमेंट्री मी इथून हौसेने लावली. केदार जाधव बोलत होता तोवर मजा होती, मग बंगळुरूच्या संघाने त्यालाच खेळायला बोलावून नेला. मराठी हवीच, त्यावर माझं ग्रुपशी भांडण नाही. फक्त भाषांतर केलेलं कौतुक नको. मास्तर हवा, आणि चिठ्ठ्या हव्यात.

त्या दिवशी चहाच्या वेळेला मी बाबांचा प्रश्न इंग्रजीत लिहून कार्यक्रमाला मेल केला, तंबाखूसकट. खेळ संपल्यावर बाबांचा पुन्हा फोन.

"वाचली का चिठ्ठी?"

"नाही हो अजून."

"तू माझं नाव घातलंस का? नाव घातल्याशिवाय कोण वाचतो. उद्या परत पाठव, पेण, जिल्हा रायगड लिही."