पावडरचा डबा आणण्याआधी मुलाला काट्यावर उभं करा

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक प्रश्न अधूनमधून येतोच. "मुलगी तीन वर्षांची झाली, काही खातच नाही, दुधात घालायला कुठली पावडर चांगली?" पाच मिनिटांत खाली सात-आठ ब्रँडची नावं पडतात. वजन किती, उंची किती, हे कुणी विचारत नाही. मी विचारते, म्हणून तरुण आयांमध्ये माझं नाव 'वजनकाकू' पडलंय. पडू दे. अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. झोळीत बसून भोकाड पसरणारी पोरं आणि वर थरथरणारा काट्याचा काटा बघण्यात नोकरी गेली, ती सवय आता कुठे जायची?

आधी त्या "खातच नाही"बद्दल. बाळ जन्मतं तेव्हा साधारण तीन किलोचं असतं आणि वर्षाचं होईपर्यंत नऊ-दहा किलोवर जातं. म्हणजे एका वर्षात सहा-सात किलो. दुसऱ्या वर्षी ते दोन-अडीच किलोच वाढतं आणि पुढे पाचव्या वर्षापर्यंत वर्षाला दोनेक किलो. वाढीचा वेग उतरला की भूकही उतरते. घरात हे कुणी सांगत नाही. उलट आजी म्हणते, "वर्षाची होती तेव्हा काय बाळसं होतं, आता बरगड्या मोजून घ्या." मग ताट घेऊन मागे धावणं, मोबाइल लावून भरवणं, आणि तेही जमेना की डबा येतो. तो डबा खरं तर आईच्या काळजीवरचं औषध असतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात पूर्ण तीन वर्षांच्या मुलीचं मधलं वजन १३.९ किलो आहे आणि उंची ९५ सेंमी. एका आईने मला हा आकडा दाखवून रडवेल्या आवाजात सांगितलं, "काकू, माझी साडेबाराचीच आहे." अगं, मधला आकडा म्हणजे पास व्हायचे मार्क नव्हेत. निम्म्या मुली त्याच्या खाली असणारच. १०.८ किलोच्या खाली गेली असती तर तिला कमी वजनाची म्हटलं असतं. आणि एका वजनाने काही ठरतही नाही. दर दोन-तीन महिन्यांनी वजन घ्या, आलेखावर ठिपके जोडा, आणि आपल्या मुलाची रेघ छापील रेघांच्या सोबतीने वर चाललीय का ते बघा. ती आडवी झाली किंवा खालची रेघ ओलांडून उतरली, तर काळजी करा. वरच्या मजल्यावरच्या आर्यनशी तुलना करून काही हाती लागत नाही.

"हे तक्ते गोऱ्यांच्या मुलांचे, आपली मुलं बारीकच" असं सुशिक्षित लोकही ठासून सांगतात. २००६ साली आलेले हे तक्ते ज्या अभ्यासातून तयार झाले, त्यात ब्राझील, घाना, नॉर्वे, ओमान आणि अमेरिकेसोबत आपल्या दिल्लीचीही मुलं होती. चांगलं पोषण आणि स्वच्छता मिळालेली मुलं पाच वर्षांपर्यंत सगळीकडे जवळपास सारखीच वाढतात, हे त्यात दिसलं.

आता डब्याकडे वळू. मागची बारीक अक्षरं वाचा, चष्मा लावून. एका वेळचं माप बहुतेकदा २५-३० ग्रॅम असतं, काहींचं त्याहून जास्त, आणि तेही दिवसातून दोनदा. या हिशेबाने ४०० ग्रॅमचा डबा जेमतेम आठवडाभर जातो. आपल्या घरात तो महिनाभर पुरवतात, कारण एकेक चमचाच घालतात! म्हणजे जाहिरातीतल्या वाढीचा जो काही दावा असेल, तो तुमच्या चमच्याला लागूच होत नाही. शिवाय डब्यावरचे प्रथिनांचे आकडे कित्येकदा दुधासकट धरलेले असतात. कपभर दुधातली सहा ग्रॅम प्रथिनं गाय-म्हशीने दिलेली, श्रेय मात्र पावडरला. उरते ती साखर, चॉकलेटचा वास आणि गोड असल्याशिवाय दूध न पिण्याची सवय. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन दुकानांना ही पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितली, कारण आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' नावाचा प्रकारच नाही. डबे तेच आहेत, फक्त फळीवरची पाटी बदलली.

दुधाचंही थोडं ऐका. जेवला नाही म्हणून दूध, आणि दूध पोटात म्हणून जेवण नाही, हे चक्र मी कितीतरी घरांत पाहिलंय. दुधात लोह नगण्य असतं. दिवसभर बाटलीभर दुधावर असलेलं गुबगुबीत पोर आतून रक्ताने कोरडं असू शकतं. त्यावर कुणी भूक वाढवायचं सिरप सुचवतं. अशा काही सिरपांत सायप्रोहेप्टाडिन असतं. ते मुळात अ‍ॅलर्जीचं औषध, मूल त्याने पेंगतं. डॉक्टरांनी स्वतः लिहून दिल्याशिवाय ते घरात आणू नका. गमीज नावाच्या जीवनसत्त्वांच्या गोळ्या म्हणजे साखरेतच बुडवलेला प्रकार. 'अ' आणि 'ड' जीवनसत्त्वं शरीरात साठतात, त्यामुळे पावडर, गमी आणि थेंब असं तिन्ही एकदम देणं बरं नव्हे.

मग पूरक काही द्यायचंच नाही का? द्यायचं ना. पण खऱ्या कामाच्या तीन गोष्टींची जाहिरात टीव्हीवर लागत नाही, कारण त्या आरोग्य केंद्रात आणि अंगणवाडीत फुकट मिळतात. पहिली लोहाचं सिरप. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना आठवड्यातून दोनदा १ मिली, त्यात २० मिलिग्रॅम लोह. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ सालच्या, महाराष्ट्रातल्या या वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय निघाला. दहातली सात पोरं! यात फक्त वाड्या-पाड्यांवरची मुलं नाहीत, तुमच्या-आमच्या घरांतलीही आहेत. सिरपने शी काळी होते, ती पाहून आया बाटली बंद करतात. घाबरू नका, ते व्हायचंच. दूध-चहासोबत देऊ नका. बाटली मात्र उंच फळीवर ठेवा, कारण लोहाचा जादा डोस लहान मुलाच्या जिवावर बेतू शकतो. घरात सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार असतील तर आधी डॉक्टरांना विचारा. दुसरी 'अ' जीवनसत्त्वाची मात्रा, नवव्या महिन्यापासून सुरू होऊन दर सहा महिन्यांनी, पाच वर्षांपर्यंत एकूण नऊ. तिसरी जंताची गोळी, फेब्रुवारी आणि ऑगस्टमधल्या मोहिमेत. पोटात जंत असताना बदाम चारले तर अंगाला काय लागणार?

मला खरा राग येतो तो पुढच्या गोष्टीचा. वाडीवरच्या टपरीत याच पावडरींच्या पाच रुपयांच्या पुड्या तोरणासारख्या टांगलेल्या असतात. उसाच्या फडातून आलेली बाई दिवसाच्या मजुरीतून ती पुडी घेते, कारण टीव्हीवरचं उंच, हुशार पोर तिलाही हवंय. तिचं काय चुकलं? पण तेवढ्या पैशांत दोन-तीन रुपये घातले की अंडं येतं. आणि अंगणवाडीतल्या आहारासाठी सरकारने २०१७ साली ठरवलेला दर होता मुलामागे दिवसाला ८ रुपये. त्यात ५०० कॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं बसवायची. आठ रुपयांत! सेविका कशी खिचडी शिजवते हे तिचं तिलाच माहीत. आदिवासी भागात अमृत आहार योजनेत मुलांना अंडी-केळी द्यायला लागले, तेव्हा पटावरची पोरं खरोखर हजर दिसायला लागली. इतर ठिकाणी अंडं म्हटलं की पोषणाआधी वाद ताटात पडतो.

आपल्या राज्यात हे जमतं हे दिसलेलं आहे, म्हणून जास्त चिडचिड होते. २००५ मध्ये मुलांचं कुपोषण कमी करण्यासाठी राजमाता जिजाऊ मिशन सुरू झालं. दोन वर्षांखालच्या मुलांतलं ठेंगणेपणाचं प्रमाण २००५-०६ च्या सुमारे ३९ टक्क्यांवरून २०१२ पर्यंत २३-२४ वर आलं. त्यामागे कुठली जादूची भुकटी नव्हती. गरोदर बाईवर लक्ष, पहिल्या तासात अंगावरचं दूध, सहा महिन्यांनंतर वेळेवर वरचं अन्न, कर्मचाऱ्यांच्या रिकाम्या जागा भरणं, आणि वजनं खरी लिहिणं. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. लाल रेघेतली, म्हणजे फारच कमी वजनाची, मुलं वाढली की वरून झापतात, मग खालचा काटा आपोआप शहाणा होतो. नंतर आपण रेंगाळलो. २०१९-२१ च्या त्याच पाहणीत पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने ठेंगणी निघाली.

तीव्र कुपोषित मुलाची गोष्ट वेगळी, हेही सांगून टाकते. दंडाचा घेर साडेअकरा सेंमीपेक्षा कमी किंवा पायावर सूज असेल, तर त्याला घरगुती सल्ल्यावर ठेवू नका. शेंगदाणा, दूधभुकटी, तेल, साखर आणि जीवनसत्त्वं घातलेली खास घट्ट पाकिटं असतात, ती अशा मुलांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली उपयोगी पडतात. त्यावरही वाद आहेत, स्थानिक अन्नच द्या असं म्हणणारे जाणते लोक आहेत. पण त्या मुलाला तातडीने उपचार हवेत यावर दोघांचंही एकमत आहे.

बाकी मुलांसाठी स्वयंपाकघर पुरतं. पोट मुठीएवढं, त्यात वरणाचं पाणी भरू नका. खालचं घट्ट वरण द्या, वर चमचाभर तूप किंवा तेल. भाजीत शेंगदाण्याचं कूट, आमटीवर लिंबू, नाचणीची आंबील, अळिवाचा लाडू, खात असाल तर अंडं, मासळी. दिवसातून पाचदा थोडं थोडं. आणि सकाळचा चहा-खारी बंद. हे सांगितलं की माझ्याच वयाच्या बायका माझ्यावर रुसतात, पण चहा लोह शोषू देत नाही.

दोन-तीन महिन्यांत वजन हललंच नाही, मूल माती, खडू किंवा भिंतीचा चुना खातंय, नखं-डोळे पांढरट दिसतात, वारंवार जुलाब होतात, तर डॉक्टरांकडे जा. जाताना वजनाचे आकडे तारखेसकट घेऊन जा.

कमेंटमध्ये ब्रँड विचारू नका, मी सांगणार नाही. वय, वजन, उंची लिहा. काटा दर वेळी तोच ठेवा, आणि पोराचे बूट काढून वजन करा. परवा एकीने लाइटवाले सँडल घालूनच केलं होतं.