खिडकीची मोजणी आणि लगतचे कब्जेदार

"सर, एकदम सोप्पं आहे. लहान मुलंसुद्धा मोजतात," असं कंपनीची मुलगी फोनवर म्हणाली, तेव्हा तापलेलं माझं डोकं अजून पुरतं निवलेलं नाही.

विषय आमच्या बे विंडोचा. भिंतीतून पोट काढून बाहेर आलेली, तीन बाजूंची, आत बसायला कट्टा असलेली ही खिडकी. मालवणात चिऱ्याच्या घराला असली खिडकी कशाला, ते ती सुचवणाऱ्या पुण्याच्या आर्किटेक्टला विचारा. तिचं तोंड नैऋत्येला, म्हणजे जूनमध्ये पाऊस जिथून येतो बरोब्बर तिकडे. पडद्यांना दर पावसाळ्यात बुरशी धरते. म्हणून बायकोने आतल्या बाजूला बसवायची, आडव्या पट्ट्यांची शटर्स ठरवली. लाकूड आमच्या हवेत फुगतं, तेव्हा पीव्हीसीची. माप घ्यायला माणूस घरी येईल, असं जाहिरातीत ठळक लिहिलं होतं. आमचा पिनकोड ऐकल्यावर तो माणूस नाहीसा झाला आणि एक फॉर्म आला.

फॉर्म मिलिमीटरमध्ये. प्रत्येक बाजूची रुंदी वर, मध्ये आणि खाली मोजायची आणि सगळ्यांत कमी भरेल ती लिहायची. उंचीचंही तसंच. मग दोन्ही कर्ण, चौकट काटकोनात आहे की नाही ते कळायला. त्यात पुन्हा माप काचेजवळ घ्यायचं नाही, शटरची चौकट जिथे उभी राहणार तिथे घ्यायचं. कारण खिडकी कोपऱ्यात 135 अंशांत वळत असेल, तर काचेपासून 50 मिलिमीटर आत आलं की मधली बाजू दोन्ही टोकांना मिळून 41 मिलिमीटरने आखूड होते. हे त्या लहान मुलांना कोण शिकवतं कोण जाणे. आमच्या सुताराला 41 मिलिमीटर म्हटलं तर तो मनात भागाकार करून "म्हंजे तेरा सूत" म्हणतो (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आणि वर "धरा साधारण" हे जोडतो. फॉर्ममध्ये 'साधारण'ला जागा नव्हती.

मधली बाजू वर 1212 भरली, खाली 1203. चिऱ्याची भिंत, त्यावर गिलावा, त्यावर गवंड्याची त्या दिवशीची तब्येत. मी खालचा आकडा लिहीत होतो तेवढ्यात गडग्यापलीकडून आवाज आला.

"कसली मोजणी चल्ली हा रे?"

शेजारचे तात्या. मोजणी खात्यातून निवृत्त होऊन जमाना झाला, पण टेप उलगडल्याचा आवाज त्यांना झोपेतही येतो. कोकणात टेप उगाच कोणी काढत नाही. टेप निघाला म्हणजे भावाभावांत वाटप तरी आहे किंवा कोर्ट तरी. मी आपला सरळपणे म्हणालो, "तात्या, खिडकी मोजतोय."

"खिडकीची खय मोजणी असता?" म्हणत ते गडग्याच्या खिंडीतून आत आले. "आणि असली तरी माका नोटीस कित्याक नाय इली?"

"खिडकी मोजायला नोटीस?"

"लगतचो कब्जेदार कोण? मी. मोजणी असली काय लगतच्या कब्जेदाराक नोटीस देवक लागता. कायदो हा." मग खिडकीचं बाहेर आलेलं पोट त्यांनी खालून वर नीट न्याहाळलं. "ही बाहेर किती इली हा?"

मी म्हटलं, अडीच फूट. हे मी सांगायला नको होतं असं नंतर बायको म्हणाली, पण खिडकी तर समोर दिसत होती.

"अडीच फूट हवेत. पण हवा कोणाची?"

आता हवेचा सातबारा मी कुठून आणणार? गडग्यापासून खिडकी चांगली सात-आठ फूट आत आहे, हे मी दाखवलं. त्यावर ते म्हणाले की गडगा म्हणजे हद्द नव्हे, गडगा माझ्या आजोबांनी त्यांच्या आजोबांना न विचारता घातला होता. मग माझ्या हातातला टेप त्यांनी काढून घेतला आणि आम्ही दोघे खिडकी सोडून अंगणात गेलो. तिथे मी टेपचं टोक धरून उन्हात उभा आणि तात्या मला साखळीबद्दल सांगतायत. मोजणीची साखळी 33 फुटांची, साखळीच्या चौरसाचा गुंठा, म्हणजे 1089 चौरस फूट, आणि तसे 40 गुंठे म्हणजे एकर. आताच्या पोरांकडे यंत्रं आहेत, उपग्रह आहेत, आणि तरी हद्दी चुकतात. त्यांच्या वेळी कसा बांधावरचा एकेक दगड बोलायचा. बांधावरच्या फणसाचा विषय निघाला तेव्हा मी पाणी प्यायला आत गेलो. परत आलो तर तात्या माझ्याच फॉर्मच्या मागे टिपण काढत बसलेले. गडगा, विहीर, माड, खिडकी, आणि कोपऱ्यात उत्तर दिशेचा बाण.

राग आला होता. तरी सांगतो, फॉर्मच्या ज्या रकान्यापाशी मी अडलो होतो तो याच माणसाने सोडवला. कोपऱ्याचा कोन लिहायचा होता आणि घरात मुलीच्या कंपासपेटीतला इवलासा कोनमापक, तोही उंदराने कुरतडलेला. तात्या हसले. "साखळेन सगळो तालुको मापलो, कोन खय होतो? तिसरी बाजू धर." कोपऱ्यापासून दोन्ही अंगांना 300 मिलिमीटरवर पेन्सिलीची खूण करायची आणि दोन खुणांमधलं अंतर मोजायचं. 554 भरलं तर कोन 135 अंश. डावीकडे बरोबर 554 भरलं. उजवीकडे 546. म्हणजे 131 अंश. घरात सगळ्यांनी एकदम गवंड्याची आठवण काढली.

रत्नागिरीचा थिबा राजवाडा 1910 साली बांधला. ब्रह्मदेशाच्या राजाला इंग्रजांनी तिथे ठेवलं आणि 1916 मध्ये तो रत्नागिरीतच वारला. त्या वाड्याच्या लाकडी नक्षीच्या खिडक्या अर्धवर्तुळाकार आहेत. अर्धवर्तुळ! त्यांची मापं घ्यायला पिनकोड लागला नाही, कोणी माणूस आला असणार. आणि मला तीन सरळ बाजूंसाठी मिलिमीटर मागतात. मुंबई-गोवा महामार्गाचं चौपदरीकरण 2011 पासून चाललंय, तिथे किलोमीटरचा हिशेब कोणी देत नाही. मिलिमीटरचा हिशेब काय तो मी द्यायचा. वर फॉर्मच्या तळाशी बारीक अक्षरात: माप चुकल्यास जबाबदारी ग्राहकाची, माल परत घेतला जाणार नाही. म्हणजे माणूस पाठवायचा नाही, पैसे पूर्ण आधी घ्यायचे, आणि चूक निघाली की ती आमची. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकाकडे मात्र त्यांचा माणूस लेझर घेऊन जातो, चुकला तर त्यांची चूक. एकाच किमतीत. यात मला हसू येत नाही.

कोन भरायला गेलो तर रकान्यात दोनच पर्याय: 90 आणि 135. पुन्हा फोन. तीच मुलगी.

"सर, 135 टाका ना. सगळ्यांची 135च असते."

"आमची एका बाजूला 131 आहे."

"सर, परत एकदा मोजून बघता का? व्हिडिओ पाहिलात का?"

मी फोन स्पीकरवर टाकला होता, ही गोष्ट तात्यांच्या पथ्यावर पडली. "गो बाये," ते पुढे सरसावले, "हयसर चार अंश खावन टाकलंस तर शटराचा पान भिंतीक घासतला. मग ता कोण कापतला, तू?" पलीकडे शांतता. मग ती म्हणाली, "सर, हे तुमचे इंजिनिअर आहेत का?" तात्यांनी नाही म्हटलं नाही.

शेवटी 'इतर सूचना' या चौकोनात 131 लिहून फॉर्म पाठवायचं ठरलं. खाली 'माप घेणाऱ्याची सही' असा रकाना होता. मी पेन उघडेपर्यंत तात्यांनी सही ठोकली, हुद्दा आणि 'निवृत्त' यांसकट. फोटो काढून पाठवून दिला आणि मगच सहीखालची ओळ माझ्या नजरेस पडली, सुबक सरकारी वळणात लिहिलेली: 'लगतच्या कब्जेदाराची हरकत कायम.'