रेंजची पायरी

बोर्डिंगात मुलींवर लक्ष ठेवायला टीचर नेमतात, असा बाहेर सर्वत्र समज आहे. प्रत्यक्षात कारभार उलटा चालतो. मुली साठ-सत्तर, मी एकटी. त्यात त्यांना मोबाइल नाही आणि टीव्ही फक्त रविवारी. आता रोजच्या करमणुकीला उरलं काय? मी.

गोव्यातल्या सांगे तालुक्यातली ही मिशनची शाळा. पुढं वर्ग, मागं बोर्डिंग, मधे चॅपल, चहूकडे काजू आणि पोफळी. मी डिचोलीकडची. फोंड्याला एक बस बदला, सावर्ड्याला दुसरी बदला आणि शेवटची कदंब, म्हणजे आमची सरकारी बस, निघून गेली तर नशिबाला बोल लावत उभे राहा. रोजची ये-जा जमण्यातली नव्हती, म्हणून मला तिथंच खोली मिळाली. जुनी चिऱ्याची इमारत, वर मंगलोरी कौलं आणि खोल्यांच्या भिंती कौलांच्या चांगल्या चार हात खालीच थांबलेल्या. हवा खेळती राहावी म्हणून बांधणाऱ्यानं हे केलं म्हणतात. हवेबरोबर बाकीचंही खेळतं. मी रात्री दोनदा खोकले की भिंतीवरून आवाज येतो, "टीचर, सकाळी कषाय घ्या हां." पाचवीतल्या एका चिमुरडीनं तर एकदा प्रार्थनेच्या रांगेत सगळ्यांदेखत माझं कौतुक केलं, "टीचर, काल तुम्ही कमी घोरलात."

साडेपाचला घंटा होते. घंटा कसली, आरोळीच ती. मग तोंड धुणं, बादल्यांची रांग, एकीचा साबण दुसरीकडे, तिसरीची चप्पल कुणाकडेच नाही. जून ते सप्टेंबर यात ओल्या कपड्यांची भर पडते. आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा युनिफॉर्मच्या स्कर्टांत मुरतो. न्हाणीघरात एकदा धामण निघाली तेव्हा सातवीच्या मुलींनी तिला काठीवर घेऊन कुंपणापार सोडलं. त्या वेळी मी स्टुलावर होते. हे सगळ्या वर्गांना माहीत आहे, तेव्हा इथं लपवण्यात अर्थ नाही.

मग पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंपू वाजतो आणि पोयांची, म्हणजे गोव्याच्या पावांची, टोपली येते. जेवणाचं मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण तिथं मी पूर्णपणे मुलींच्या ताब्यात आहे. आमच्या घरी सोमवारी शिवराक, म्हणजे शाकाहारी, श्रावणात तर महिनाभर. सिस्टरांकडे ईस्टरपूर्वीच्या उपासाचे दिवस असतात, त्यातल्या शुक्रवारी मांस बंद. मुली निम्म्या हिंदू, निम्म्या ख्रिस्ती. पण कुणाचं काय कधी बंद हे सगळ्यांना तोंडपाठ. भूगोलात आपल्या तालुक्याच्या सीमा सांगता येत नाहीत. टीचरची एकादशी मात्र बरोबर सांगतात. दुपारच्या शीत-कढीबरोबर रव्यात तळलेला बांगडा यावा, कडेचा रवा अजून चुरचुरत असावा, माझा हात नकळत ताटलीकडे जावा आणि त्याच क्षणी तिसऱ्या बाकावरून, "टीचर, आज सोमार न्ही?" साठ माना वळतात. मी हात तसाच पुढं नेऊन पाण्याचा पेला उचलते, जणू मला तहानच लागली होती. घरी आई तरी कधी कधी विसरते. इथं विसरायची सोय नाही.

पण खरा छळ आहे तो रेंजचा.

आमच्या आवारात मोबाइलला रेंज येते ती एकाच जागी, चॅपलच्या तिसऱ्या पायरीवर. दुसरीवर नाही, चौथीवर नाही. जोराचा पाऊस असला की तिसरीवरही डावीकडे सरकून, मान किंचित वाकडी करून उभं राहावं लागतं. आणि या पायरीच्या बरोब्बर वर मोठ्या मुलींच्या डॉर्मिटरीची खिडकी. संध्याकाळच्या आंजेलस प्रार्थनेची घंटा झाली, रोजारी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, झाली, की अभ्यासाच्या तासाआधी जी सवड मिळते त्यात आईचा फोन येतो. आईला सध्या एकच विषय आहे.

आईचं बोलणं मुलींना ऐकू जात नाही, हे खरं. अडचण अशी की मलाही ते धड ऐकू येत नाही. त्यामुळे मी प्रत्येक गोष्ट मोठ्यानं परत विचारते. "काय? वेर्ण्याला? कंपनीत आहे? परमनंट?" थोडा वेळ शांतता. "टक्कल? किती? अगो, थोडं म्हणजे किती?" यानंतर वरच्या खिडकीतून जो उसासा ऐकू येतो तो एकटीदुकटीचा नसतो.

एकदा मी शहाणपणा करून कुजबुजत बोलून पाहिलं. आईला वाटलं मी आजारी आहे. तिनं मामाला कळवलं, मामानं थेट शाळेच्या ऑफिसात फोन लावला आणि तासाभरात सिस्टर सुपिरियर पेज नि लोणचं घेऊन माझ्या दारात. तेव्हापासून मी पुन्हा ओरडूनच बोलते.

याचे पडसाद वह्यांत उमटतात. आठवीला ‘माझं गाव’ हा निबंध दिला होता. एका मुलीनं लिहिलं, माझ्या आजीचं गाव कुर्डी. साळावलीचं धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं आणि माणसं वाळकिणीला आली. मे महिन्यात पाणी उतरलं की गाव वर येतं. मग आजी तिथं जाते, सोमेश्वराच्या देवळाला हात जोडते आणि चिखलातून चालत आम्हाला दाखवते की इथं आमचं अंगण, इथं चूल. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकरांचं हेच ते कुर्डी, हेही तिनं कुणी न सांगता लिहिलं होतं. मी लाल पेन घेऊन पूर्ण गुण द्यायच्या बेतात होते. डोळ्यांत पाणीही होतं थोडं. तेवढ्यात शेवटची ओळ आली: "टीचरचं गाव डिचोलीकडे आहे. सासर अजून ठरलेलं नाही."

नववीनं तर कळस केला. उभयान्वयी अव्ययं शिकवून झाली होती. प्रत्येक प्रकाराचं एकेक वाक्य घरून, म्हणजे डॉर्मिटरीतून, करून आणायला सांगितलं. आणलं.

विकल्पबोधक: वेर्ण्याचा मुलगा किंवा मडगावचा मुलगा.

न्यूनत्वबोधक: मुलगा परमनंट आहे पण केस नाहीत.

परिणामबोधक: पायरीवर रेंज कमी आहे म्हणून आम्हाला सगळं कळतं.

वीसेक वह्यांत थोड्याफार फरकानं हेच. एकही वाक्य व्याकरणदृष्ट्या चूक नव्हतं. कुठं रेघ मारणार? मुकाट्यानं बरोबरच्या खुणा केल्या आणि वह्या, आमच्याकडचा नियम म्हणून, सिस्टर सुपिरियरच्या टेबलावर तपासणीला गेल्या.

दुसऱ्या दिवशी बोलावणं आलं. मी राजीनाम्याची भाषा मनात जुळवत गेले. सिस्टरांनी चष्मा काढला, वह्यांच्या गठ्ठ्यावर हात ठेवला आणि गंभीरपणे विचारलं, "मडगावच्याचं काय झालं?"

मी सांगितलं, मडगावच्याला बोर्डिंगात राहणारी बायको नको.

"मग तो नकोच," असं म्हणून त्यांनी त्या मुलाचा विषय माझ्या आईपेक्षा कितीतरी लवकर मिटवला. वेर्ण्याच्या टकलाबद्दल त्यांचं मत उदार होतं. आणि मग म्हणाल्या, सांत आंतोनीला सांगून ठेवते.

सांत आंतोन हा हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. मी अदबीनं म्हटलं, "सिस्टर, माझं हरवलेलं नाही, मुळात सापडलेलंच नाही." त्या म्हणाल्या की एवढ्या बारकाव्यात संत शिरत नाहीत.

तेव्हापासून संध्याकाळच्या प्रार्थनेत मागण्यांच्या यादीत माझं नाव आहे. हिंदू मुलीही हात जोडून सामील होतात. एकीनं आपल्या घरी शांतादुर्गेलाही बोलून ठेवलं आहे, म्हणजे दोन्हीकडून प्रयत्न चालू आहेत. मागण्या वाचून दाखवायचं काम सहावीच्या मुलीकडे असतं आणि तिचा क्रम ठरलेला: आधी स्वयंपाकाच्या मावशींचा गुडघा, मग सहामाही परीक्षा, मग सातवीतल्या एकीची उजव्या पायाची निळी चप्पल, मग टीचरला नवरा. मी मागच्या बाकावर बसून ‘आमेन’ म्हणते. न म्हटलं तर साठ माना वळतील.

गेल्या आठवड्यात चप्पल सापडली.