क्रिएटिनिन नॉर्मल म्हणजे माणूस ठणठणीत? नाही हो

किडनी ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या ग्रुपवर सध्या एक मेसेज फिरतोय, तुम्हालाही आला असेल. थोडक्यात असं की हॉस्पिटलवाले ट्रान्सप्लांटनंतर 'क्वालिटी ऑफ लाइफ'चे जे फॉर्म भरून घेतात ते थोतांड आहे, क्रिएटिनिन (किडनी कशी चालतेय ते सांगणारी रक्ततपासणी) नॉर्मल तर माणूस नॉर्मल, भावना काय आकड्यात मोजतात का, प्रश्न सगळे परदेशी, पेशंट काय 'मस्त'च लिहिणार, नि त्याला त्यातून मिळतं तरी काय, तेव्हा फॉर्म भरूच नका. मी सोशल वर्कर, हे फॉर्म भरून घेणं माझ्या रोजच्या कामातलं, म्हणून एकेक मुद्दा घेते.

"क्रिएटिनिन नॉर्मल, विषय संपला."
किडनीपुरता बराचसा संपला. पण नवी किडनी शरीराने नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात, त्यातल्या टॅक्रोलिमसने हात थरथरतो नि बँकेत सही जुळत नाही, मायकोफिनोलेटने पोट बिघडलेलं म्हणून एसटीचा लांबचा प्रवास नको वाटतो, स्टेरॉइडने चेहरा गोल झालाय म्हणून मुलगी लग्नकार्याला जायचं टाळते, हे लॅबच्या रिपोर्टात कुठल्या रकान्यात येतं सांगा बरं? कॅनडात १६८ पेशंटना ट्रान्सप्लांटच्या आधीपासून नंतर दोन वर्षांपर्यंत विचारत राहिले होते, लॉपॅसिस आणि सहकाऱ्यांचा १९९६ चा अभ्यास. पूर्ण तब्येत म्हणजे १ धरलं तर आधीचा स्कोअर ०.५७ होता, दोन वर्षांनी ०.७०. नोकरी-धंदा करणारे ३० टक्क्यांवरून ४५ टक्के झाले. म्हणजे फायदा भरपूर, पण १ नाही झाला ना, आणि निम्म्याहून जास्त लोक तरीही कामावर नव्हतेच.

"भावना मोजता येत नाहीत."
अहो पण नुसतं 'तुम्ही सुखी आहात का' एवढंच विचारून सोडतंय कोण? एसएफ-३६ ही तब्येतीची ३६ प्रश्नांची प्रश्नावली, तिच्यात जिना चढता येतो का, वाकता येतं का, स्वतःची आंघोळ जमते का, दुखण्यामुळे काम अडलं का, असले प्रश्न असतात, त्याचे आठ भाग आणि प्रत्येकाला ० ते १०० मार्क. खास किडनी ट्रान्सप्लांटवाल्यांसाठी केटीक्यू ही प्रश्नावली आहे, २५ प्रश्न, त्यात शारीरिक त्रास, थकवा, किडनी जाईल ही धास्ती, दिसणं आणि मनःस्थिती. मला यातलं आवडतं ते हे की कुठला शारीरिक त्रास सगळ्यात जास्त छळतो ते पेशंटनेच निवडायचं. एका दिवसाचा एकटा आकडा फारसा कामाचा नाही हे मात्र खरं, तोच माणूस सहा महिन्यांपूर्वी कुठे होता ते शेजारी ठेवलं की आकडा बोलायला लागतो.

"प्रश्न परदेशी आहेत."
इथे मेसेजवाल्याला अर्धे मार्क. एसएफ-३६ मध्ये मध्यम मेहनतीच्या कामांची उदाहरणं आहेत टेबल सरकवणं, व्हॅक्यूम क्लीनर फिरवणं, बोलिंग आणि गोल्फ. आता सांगोल्याच्या शेतकऱ्याला गोल्फ विचारून काय कळणार, तो बिचारा 'काही अडचण नाही' म्हणून मोकळा, कारण आयुष्यात कधी खेळलाच नाही! म्हणून तर नुसतं भाषांतर चालत नाही, उदाहरणं इथली घालायची, दुसऱ्याकडून उलट भाषांतर करून ताडून बघायचं, मग थोड्या पेशंटना विचारून बघायचं की तुम्हाला नेमकं काय समजलं. जिथे हे न करता फॉर्म वाटतात तिथे चूक वाटणाऱ्याची.

"सगळे मस्तच लिहितात."
हा सगळ्यात दमदार मुद्दा, आणि तो मेसेजवाल्याने एका ओळीत उरकलाय. आपल्याकडे बहुतेक किडन्या घरच्यांनीच दिलेल्या असतात, आई नाहीतर बायको. ती शेजारच्याच खुर्चीवर बसलेली, आणि आपण पेशंटला विचारणार 'तुम्ही घरच्यांवर ओझं आहात असं वाटतं का'. तो आधी तिच्याकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि 'नाही, अजिबात नाही' वर टिक. त्याच माणसाला तिला चहाला पाठवून विचारा, पेन तिथेच अडतं. शिवाय जो आठवड्यातून तीनदा चार-चार तास डायलिसिसवर होता, पाणी घोट मोजून पीत होता, त्याला नंतर तांब्याभर पाणी मिळालं तरी जग जिंकल्यासारखं वाटतं, त्याचा मापदंडच सरकलेला असतो. आणि ज्याची बसवलेली किडनीही निकामी झाली तो ट्रान्सप्लांट ओपीडीत येतच नाही, त्यामुळे सरासरी आपोआप गोड दिसते. या तिन्ही गोष्टींवर उपाय आहेत: एकट्याला बसवा, डॉक्टरांच्या हातात फॉर्म देऊ नका, ट्रान्सप्लांटच्या आधीपासून भरून घ्या आणि गळालेल्यांनाही फोन करा. कंटाळवाणं काम आहे, म्हणून टाळतात.

"पेशंटला काय मिळतं?"
दिसण्याच्या प्रश्नाला वाईट मार्क देणारी पोरगी उद्या गोळ्या चुकवायला लागू शकते, आणि गोळ्या चुकल्या की रिजेक्शनची, म्हणजे शरीराने किडनी नाकारण्याची, भीती. हे आधी कळलं तर डॉक्टर डोस किंवा औषध बदलायचा विचार करू शकतात (ते त्यांनीच, आपण घरी नाही).

राहिलं 'भरूच नका'. नको असेल तर नका भरू, अभ्यासाचा फॉर्म असेल तर तुमची संमती लागतेच आणि नाही म्हटलं म्हणून उपचार अडवता येत नाहीत. पण भरलात तर हात थरथरतो ते लिहा, आणि अभ्यासाचा फॉर्म तुमच्या डॉक्टरांपर्यंत पोचेलच असं नाही, तेव्हा पुढच्या ओपीडीत त्यांना तोंडीही सांगा.