चांद्रयानाचा आकडा बदलला तर बिघडलं कुठे?

आमच्या कॉलेजच्या जुन्या मित्रमंडळींच्या गटात सध्या एकच भांडण चालू आहे. ऑगस्ट २०२३मध्ये चांद्रयान-३चा विक्रम लँडर चंद्राच्या दक्षिण ध्रुवाकडच्या भागात उतरला, तेव्हा ‘चास्ते’ या उपकरणाने मोजलेलं जमिनीचं तापमान ७० अंश सेल्सिअसच्या आसपास असल्याचं आपण सगळ्यांनी वाचलं होतं. मार्च २०२५मध्ये त्याच निरीक्षणांवरचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि त्यात कमाल तापमान ३५५ केल्व्हिन, म्हणजे ८२ अंश, दिलं होतं. कोणीतरी या दोन बातम्या शेजारी-शेजारी चिकटवल्या आणि ठिणगी पडली. एका बाजूचं म्हणणं असं की आधीचा आकडा चुकला होता, तर आताच्या आकड्यावर का विश्वास ठेवायचा? दुसऱ्या बाजूचं म्हणणं असं की आपल्या शास्त्रज्ञांवर शंका घेणं हाच करंटेपणा, आणि दुरुस्त्या करायच्याच असल्या तर त्या आतल्या आत कराव्यात, जगाला कशाला दाखवायच्या? मी अमेरिकेतून मध्ये पडले, तर एका वर्गमित्राने लिहिलं, “अगं, तिकडे बसून बोलायला काय जातंय तुझं?”

राग मला दोन्ही बाजूंचा आला. एकमेकांवर तुटून पडलेले हे लोक एका गोष्टीवर मात्र ठाम आहेत: आकडा दुरुस्त होणं ही नामुष्की. एकाला ती उघडी पाडायची आहे, दुसऱ्याला झाकायची आहे. तो निबंध उघडून वाचायचे कष्ट कोणीच घेतले नव्हते. त्यात सरळ लिहिलं आहे की उपकरण जिथे रुतलं ती जागा सूर्याकडे झुकलेली होती, उतार जेमतेम ६ अंशांचा, आणि तिथून मीटरभर अंतरावरच्या सपाट जमिनीचं तापमान ३३२ केल्व्हिन, म्हणजे ५९ अंशांच्या घरात होतं. एवढ्याशा उतारामुळे वीसेक अंशांचा फरक पडतो, हा त्या सगळ्या कामातला सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष, आणि गटात त्याचा उल्लेखसुद्धा नाही. उतरल्यानंतर पहिल्या काही दिवसांत दाखवलेला आलेख आणि दीड वर्ष तपासून छापलेला आकडा यांत फरक नसता तरच मला काळजी वाटली असती.

मी अमेरिकेत ज्या कामावर आहे त्यात दुसऱ्यांचा डेटा तपासणं बरंच येतं. नासाच्या प्लॅनेटरी डेटा सिस्टिममध्ये, म्हणजे पीडीएसमध्ये, कुठल्याही मोहिमेचा डेटा कायमचा ठेवायच्या आधी त्याचा रिव्ह्यू होतो. मोहिमेशी संबंध नसलेल्या काही जणांना डेटा, त्याची लेबलं आणि कागदपत्रं दिली जातात आणि सांगितलं जातं की उपकरण बनवणाऱ्यांना काहीही न विचारता हे वापरून दाखवा. मग टेलिकॉन, म्हणजे फोनवरची बैठक, होतो. शेवटी आक्षेपांची यादी निघते, तिला तिथे ‘लियन’ म्हणतात. ते फिटेपर्यंत त्या डेटाच्या नावापुढे लियन बाकी असल्याची खूण राहते आणि ती कोणालाही दिसते. मी इथे आले तेव्हा मला याचा धक्का बसला होता. एवढ्या मोठ्या मोहिमा, एवढी मोठी नावं, आणि त्यांच्या कामाला चारचौघांत अपुरं म्हटलं जातंय, तरी कोणाचा चेहरा पडत नाही.

आक्षेप कसले असतात? लेबल सांगतं की संख्येतला मोठा बाइट आधी आहे, फाइलमध्ये असतो लहान बाइट आधी, आणि आख्खी प्रतिमा मीठ-मिरीसारखी पांढरी-काळी दिसते. रेखांश पूर्वेकडे वाढत जातात की पश्चिमेकडे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. चंद्रावरची जागा सांगायला दोन निर्देशक चौकटी वापरात आहेत, त्यांच्यात पृष्ठभागावर सुमारे ८६० मीटरचा फरक पडतो. कुठली वापरली ते सांगितलं नाही तर तुम्ही भलत्याच विवराबद्दल बोलत राहता. वेळ यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, आहे की अवकाशयानांच्या गणितात वापरतात त्या एफेमेरिस वेळेत? सध्या या दोहोंत ६९ सेकंदांहून जास्त अंतर आहे, आणि कक्षेतलं यान तेवढ्यात शंभराहून जास्त किलोमीटर पुढे गेलेलं असतं. जिथे मोजमापच झालं नाही तिथे भरलेला -९९९९ हा आकडा सरासरीत मिसळला की तापमान कुठल्या कुठे जातं. हे कंटाळवाणं काम आहे. बढतीच्या अर्जात याला फारसं मोल नाही, पण उद्या निवृत्त झालेल्या शास्त्रज्ञाला फोन लावून विचारता येणार नाही, म्हणून ते आजच करावं लागतं.

आणि डेटा दाखल झाल्यावरही हे संपत नाही. डेटाच्या जुन्या संचांमध्ये एक शुद्धिपत्राची फाइल असायची. आताच्या पीडीएस-४ पद्धतीत प्रत्येक उत्पादनाला व्हर्जनचा क्रमांक असतो. नवं आलं की जुनं ‘मागे पडलेलं’ म्हणून नोंदलं जातं. जुन्या व्हर्जनवर ज्यांनी निबंध लिहिला त्यांना आपण नेमकं काय वापरलं होतं ते परत पाहता आलंच पाहिजे. गटातल्या “आतल्या आत दुरुस्त करा” म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचं आहे. गुपचूप बदललेली फाइल हा विज्ञानातला सर्वांत वाईट प्रकार आहे. चुकीची फाइल परवडली.

“हे सगळं त्यांचं, आपल्याला कशाला,” असंही एकाने लिहिलं. त्याला माहीत नसावं की डिसेंबर २०२०मध्ये चांद्रयान-२चा पहिला डेटा सर्वांसाठी खुला झाला तेव्हा इस्रोनेच जाहीर केलं होतं की हा डेटा पीडीएस-४ मानकात आहे आणि त्याचा वैज्ञानिक व तांत्रिक अंगाने रिव्ह्यू झालेला आहे. म्हणजे ज्यांच्या अब्रूची काळजी गटाला पडली आहे त्यांनी स्वतः ही पद्धत स्वीकारून काही वर्षं झाली.

त्याहून जवळचं उदाहरण चांद्रयान-१चं. २००८च्या ऑक्टोबरात निघालेल्या त्या यानावर ‘एम-थ्री’ हे चंद्रावरच्या खनिजांचा नकाशा काढणारं नासाचं उपकरण होतं. २००९च्या उन्हाळ्यापर्यंत यानाचे तारावेधक, म्हणजे ताऱ्यांवरून दिशा ओळखणारी उपकरणं, बिघडले. यानाचं तोंड नेमकं कुठे आहे हे कळणं त्यामुळे अवघड झालं. मे महिन्यात कक्षा १०० किलोमीटरवरून २०० किलोमीटरवर नेली गेली आणि ऑगस्टअखेर संपर्कच तुटला. एम-थ्रीचा डेटा पीडीएसमध्ये गेला तेव्हा यातलं काही लपवलं नाही. निरीक्षणांचे कालखंड पाडले गेले. कुठल्या काळात कक्षा कुठली, उपकरण किती तापलं होतं, दिशेची माहिती कधीपासून कच्ची आहे, हे सगळं कागदपत्रांत आहे. टिपलेला प्रत्येक पट्टा चंद्रावर नेमका कुठे बसतो हे नासाच्या लूनर रिकॉनिसन्स ऑर्बिटर या यानाच्या उंचीच्या नकाशांचा आधार घेऊन ठरवलं गेलं. आपल्या यानाचं आजारपण तिथे सविस्तर नोंदलेलं आहे, आणि त्यामुळेच तो डेटा जिवंत राहिला. चंद्रावरच्या पाण्याच्या खुणांची घोषणा सप्टेंबर २००९मध्ये झाली ती सगळ्यांना पाठ आहे. पण ऑगस्ट २०१८मध्ये, यान गप्प झाल्याला नऊ वर्षं होत आली असताना, ध्रुवांजवळच्या कायम सावलीतल्या जागांवर पृष्ठभागी बर्फ असल्याचा पुरावा याच साठवलेल्या डेटातून निघाला, हे किती जणांना ठाऊक आहे?

एम-थ्रीचं भांडण अजूनही मिटलेलं नाही, आणि मला तेच आवडतं. त्याची नजर ३ मायक्रॉन तरंगलांबीच्या प्रकाशापर्यंतच पोचते. पाण्याची खूण नेमकी त्या टोकाला, आणि तिथेच तापलेल्या जमिनीची स्वतःची उष्णताही मिसळते. ती वजा कशी करायची यावर सगळं अवलंबून. २०१७मध्ये एका गटाने एका पद्धतीने ती वजा केली आणि पाण्याची खूण दिवसभरात कमी-जास्त होते असं दाखवलं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने वेगळी पद्धत वापरून सांगितलं की तसा मोठा बदल दिसत नाही. फाइल एकच. दोघांनीही आपण काय वजा केलं ते मांडलं, म्हणून तिसऱ्याला तपासता येतं. कोणी कोणाला देशद्रोही म्हटलं नाही.

शुक्राचं उदाहरण गटात दिलं तेव्हा कोणी उत्तरच दिलं नाही. सप्टेंबर २०२०मध्ये शुक्राच्या ढगांत फॉस्फिन, म्हणजे जीवसृष्टीची खूण ठरू शकणारा वायू, सापडल्याची बातमी जगभर गाजली. प्रमाण अब्जात सुमारे २० भाग. त्यातली महत्त्वाची निरीक्षणं चिलीतल्या आल्मा दुर्बिणीची होती. काही आठवड्यांत आल्माच्याच लोकांना त्या साठवलेल्या डेटाच्या कॅलिब्रेशनमध्ये, म्हणजे मोजमापं प्रमाणाशी जुळवून घेण्यात, दोष आढळला. त्यांनी तो अर्काइव्हमधून काढला, पुन्हा प्रक्रिया केली आणि नोव्हेंबरात परत ठेवला. मूळ संशोधकांनी नव्या डेटावरून ग्रहभरची सरासरी काढली ती अब्जात १ ते ४ भाग. काहींच्या मते तेवढंही नाही. इतक्या प्रसिद्धीनंतर आपलाच डेटा खाली उतरवायला धाडस लागतं. आल्माची पत त्याने घटली नाही. निदान मी तरी तिच्या डेटावर पूर्वीपेक्षा जास्त विसंबते.

आता कोणी म्हणेल की मी सोयीची उदाहरणं काढते आहे. काढतेच. इथलं सगळं सोन्याचं नाही. अपोलोच्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेली उपकरणं सप्टेंबर १९७७पर्यंत डेटा पाठवत होती, आणि त्याच्या कित्येक टेपा नीट जपल्याच गेल्या नाहीत. अनेक वर्षांनी सरकारी दप्तरखान्यात १९७५मधल्या तीन महिन्यांच्या ४४० टेपा सापडल्या, तेव्हा कुठे अपोलो १५ आणि १७च्या जमिनीतल्या उष्णतेच्या नोंदींमधले काही खळगे भरता आले. आणि रिव्ह्यू झाला म्हणजे डेटा निर्दोष, असंही नाही. मंगळाभोवती फिरणाऱ्या ‘क्रिझम’ या वर्णपटमापकाच्या डेटावरून २०१५मध्ये मंगळावरच्या काळसर ओघळांत परक्लोरेट क्षार, म्हणजे खारं पाणी असावं, असा निष्कर्ष निघाला होता. २०१८मध्ये एका संशोधक विद्यार्थिनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की गोंगाट काढणारी प्रक्रियेतली एक पायरीच २.१ मायक्रॉनच्या आसपास खोटी खूण तयार करू शकते. ही पायरी रिव्ह्यूमधून निसटली होती. पण कच्चा डेटा शेजारीच ठेवलेला होता. तो नसता तर तिला हे सिद्ध करताच आलं नसतं.

तरीही इथली पद्धत मला जास्त पटते, आणि ती पटते असं म्हणण्याचा हक्क मी कमावला आहे असं मला वाटतं. “तिकडे बसून” या दोन शब्दांनी मला इतकं का लागलं याचा विचार मी नंतर केला. इथल्या टेलिकॉनवर भारतीय उपकरणाचा विषय निघाला की सगळे माझ्या बोलण्याची वाट पाहतात, जणू ते मी घरून आणलं आहे. आणि कोणी त्याबद्दल हलक्या स्वरात काही बोललं तर मी सोडत नाही; तारावेधक गेल्यावरही त्या यानाने किती काम केलं ते ऐकवते, तारखांसकट. तीच मी गटात गेले की आपल्या लोकांना उघडपणा शिकवते. इथे मी भारताची वकील, तिथे अमेरिकेची. दोन्हीकडे मी पलीकडची ठरते. चांद्रयानाचा डेटा मी उघडते तो संशोधनापुरता नाही, हेही खरं. रात्री काम संपल्यावर चांद्रयान-२वरच्या ओएचआरसी कॅमेऱ्याच्या प्रतिमा नुसत्या पाहत बसते, एकेका ठिपक्यात पंचवीस सेंटिमीटर जमीन मावते त्या. लेबलमध्ये सगळं जागच्या जागी असलं की मला जो आनंद होतो तो दुसऱ्या कुठल्या मोहिमेच्या बाबतीत होत नाही. आणि एखादी त्रुटी दिसली तर जितकी खटकते तितकी दुसऱ्या कोणाची खटकत नाही. तटस्थ परीक्षक म्हणून हे बरं नाही. पण मला तटस्थ राहायचंच नाही, माझं तिथलं काही अजून उरलं असेल तर ते हेच आहे.

केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४मध्ये शुक्राभोवती फिरणाऱ्या भारतीय यानाला मंजुरी दिली. मार्च २०२८मध्ये ते निघायचं आहे. त्याचा डेटा नासाच्या जुन्या मॅजेलन यानाच्या डेटाशेजारी ठेवून वाचला जाणार. मॅजेलनने १९९१मध्ये आठ महिन्यांच्या अंतराने टिपलेल्या रडार प्रतिमांमध्ये ज्वालामुखीच्या एका मुखाचा आकार बदललेला आहे, हे २०२३मध्ये लक्षात आलं, यान नष्ट होऊन तीन दशकं होत आल्यावर. आपल्या यानाचा डेटाही इतकी वर्षं वाचला जावा असं वाटत असेल तर तयारी आत्ता करावी लागेल. प्रत्येक संचाबरोबर परीक्षकांचे आक्षेप आणि त्यांना दिलेली उत्तरं प्रसिद्ध व्हावीत. व्हर्जन बदललं तर काय बदललं आणि का, ते पहिल्या पानावर असावं. कच्चा डेटा कधीही काढून टाकू नये. विद्यापीठांतल्या विद्यार्थ्यांना परीक्षक म्हणून बसवावं, कारण मंगळावरची ती खोटी खूण अशाच एका मुलीला दिसली होती. परदेशातल्या आम्हा लोकांनाही यादीत घ्यावं. माझं नाव त्यात असलं तर मी इथल्या डेटाला लावते तीच फूटपट्टी लावीन, आणि माझे आक्षेप माझ्या नावासकट छापायला माझी हरकत नसेल. गटात मी हेच लिहिलं आहे. त्या वर्गमित्राने अजून उत्तर दिलेलं नाही, पण चास्तेचा तो निबंध त्याने माझ्याकडून मागून घेतला आहे.